फुलसावंगीचा खताचा हिशेब: मॅट्रिक्सचा गुणाकार आणि संगणकाची मुकाट चूक

(फुलसावंगी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. फळ्यावर लिहिलेलं जिथं आवश्यक होतं तिथं वाक्यात आणलं आहे.)

ही व्याख्यानं ऑनलाइन ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे की आम्ही गणित फळ्यावर संपवत नाही, ते संगणकावर चालवून बघतो. आज विषय आहे मॅट्रिक्सचा गुणाकार. परिभाषेत मॅट्रिक्सला आव्यूह म्हणतात. आपण दोन्ही शब्द जाणून असू, पण बोलताना मॅट्रिक्सच म्हणू, कारण कॉलेजातही तेच कानावर पडतं.

फुलसावंगीत येऊन संगणकावर बोलायचं म्हटलं की एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये या गावचं नाव देशभर गेलं. इथल्या एका तरुणाने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर उभं केलं होतं, व्हिडिओ बघून बघून शिकत, आणि त्याच्याच चाचणीत त्याचा जीव गेला. त्याच्या मृत्यूचा आजच्या गणिताशी काही संबंध नाही आणि आम्ही तो जोडणारही नाही. एवढंच म्हणायचं आहे की पडद्यावर बघून, विचारायला जवळ कुणी नसताना शिकणारी मुलं या गावाला नवीन नाहीत, आणि आजचं व्याख्यान त्यांच्यासाठी आहे. एकट्याने शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास कोणती चूक देते? जी चूक संगणक सांगतच नाही ती. लाल अक्षरांत तक्रार आली तर माणूस शोधतो, दुरुस्त करतो. तक्रार आली नाही तर उत्तर घेऊन पुढे जातो.

आमच्याकडून अशी एक चूक झालेली आहे, तीच सांगतो. खताचा हिशेब होता.

एका गावात आम्ही शेतकऱ्यांकडून एवढीच माहिती घेतली होती की हंगामात कुणी कोणतं खत किती बॅग टाकलं. सोयीसाठी आज तीनच शेतकरी घेऊ आणि तीनच खतं: युरिया, डीएपी आणि १०:२६:२६. पहिल्याने टाकलं ४, २, १. दुसऱ्याने २, ३, २. तिसऱ्याने ६, १, २. तीन ओळी, तीन स्तंभ. या तक्त्याला 'अ' म्हणू.

दुसरा तक्ता खतांचा. बॅगेवर जे आकडे छापलेले असतात ते नत्र, स्फुरद आणि पालाशचे टक्के. युरियात नत्र ४६ टक्के, बॅग ४५ किलोची (पूर्वी ५० ची होती, जुन्या हिशेबाच्या वह्यांत अजून तीच सापडते). म्हणजे एका बॅगेत २०.७ किलो नत्र, स्फुरद शून्य, पालाश शून्य. डीएपी १८:४६:०, बॅग ५० किलोची, म्हणजे नत्र ९ किलो, स्फुरद २३ किलो, पालाश शून्य. आणि १०:२६:२६ च्या ५० किलोच्या बॅगेत ५, १३, १३. या तक्त्याला 'ब' म्हणू. त्याच्या ओळी खतांच्या, स्तंभ अन्नद्रव्यांचे.

आता प्रश्न साधा आहे: प्रत्येकाच्या शेतात नत्र, स्फुरद, पालाश किती किलो गेलं? हे काढायला मॅट्रिक्स माहीत असायची गरज नाही, कृषी केंद्रात बसलेला माणूसही तोंडी करेल. पहिल्या शेतकऱ्याचं नत्र: युरियाच्या ४ बॅगा गुणिले २०.७, अधिक डीएपीच्या २ गुणिले ९, अधिक १०:२६:२६ ची १ गुणिले ५. म्हणजे ८२.८ अधिक १८ अधिक ५, एकूण १०५.८ किलो. आपण 'अ' मधली आडवी ओळ घेतली, 'ब' मधला उभा स्तंभ घेतला, जोडी जोडीने गुणलं आणि बेरीज केली. मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणतात तो हाच. नऊ घरं अशीच भरायची. पूर्ण उत्तर येतं: पहिला शेतकरी १०५.८, ५९, १३, दुसरा ७८.४, ९५, २६, तिसरा १४३.२, ४९, २६.

पुष्कळ विद्यार्थी विचारतात की गुणाकाराची व्याख्या अशी वाकडी का केली. घरासमोरचं घर गुणलं असतं तर सोपं नसतं का? याचं उत्तर वरच्या हिशेबातच आहे. शेतकऱ्याकडून बॅगांकडे जाणारा एक तक्ता, बॅगांकडून अन्नद्रव्यांकडे जाणारा दुसरा तक्ता. दोन्ही टप्पे जोडून थेट शेतकऱ्याकडून अन्नद्रव्याकडे जायचं असेल तर मधल्या सगळ्या खतांवरून बेरीज करावीच लागते. आर्थर केली याने १८५८ मध्ये मॅट्रिक्सचं बीजगणित मांडलं तेव्हा त्याच्या समोरही हेच होतं: एका अदलाबदलीनंतर दुसरी अदलाबदल केली तर एकूण काय होतं. 'मॅट्रिक्स' हा शब्द त्याचा मित्र सिल्व्हेस्टर याने त्याआधी १८५० मध्ये वापरला होता.

तर आमची चूक. हा हिशेब आम्ही आधी ऑक्टेव्हमध्ये लिहिला होता. तिथं अ * ब असं लिहिलं की मॅट्रिक्सचा गुणाकार होतो. नंतर कुणीतरी म्हणालं की बाकीचं काम पायथॉनमध्ये आहे, हेही तिकडे न्या. आम्ही नेलं. नमपायमध्ये दोन्ही तक्ते भरले, आणि सवयीने तीच ओळ लिहिली: अ * ब. तक्रार आली नाही. उत्तर आलं. कागदावर छापलं आणि वाटलं.

नमपायमध्ये फुलीच्या जागी वापरल्या जाणाऱ्या * या चिन्हाचा अर्थ वेगळा आहे. ते घरासमोरचं घर गुणतं, याला घटकवार गुणाकार म्हणू. त्यामुळे कागदावर आलं ते असं: पहिला ८२.८, ०, ०; दुसरा १८, ६९, ०; तिसरा ३०, १३, २६.

हे आकडे जरा बघा. पहिल्या दोघांचा पालाश शून्य. आम्हाला शंका यायला हवी होती, पण आम्हीच मनाची समजूत घातली की काळ्या जमिनीत पालाश मुळात बरा असतो, लोक टाकत नसतील. तिसरी ओळ तर अगदी सोज्ज्वळ. ३०, १३, २६. आणि त्यातला २६ हा पालाशचा आकडा खराही आहे! योगायोगाने. तपासायला आम्ही नेमकं तेच घर निवडलं असतं तर 'जमलं' म्हणून मोकळे झालो असतो.

चूक पकडली ती तिसऱ्या शेतकऱ्याने. वयस्क गृहस्थ, कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "सहा बॅगा युरिया टाकला ना जी मी. अन् तुमच्या कागदावर नत्र तीसच किलो कसं काय?" आम्ही म्हटलं, काका, थांबा, बघतो. बघायची गरजच नव्हती. एका बॅगेत वीस किलोच्या वर, सहा बॅगांचे सव्वाशेच्या घरात. ते त्यांनी डोक्यात केलं होतं, आम्ही संगणकावर केलं नव्हतं.

त्यांनी विचारलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार आम्हाला अजून टोचतो. त्या कागदाच्या आधारे पुढचा सल्ला होता. ज्याने १४३ किलो नत्र टाकलं त्याला आम्ही 'नत्र कमी पडतंय, वाढवा' असं सांगितलं असतं. कपाशीला नत्र जास्त झालं की झाड नुसतं माजतं, पानं हिरवीगार होतात, रसशोषक किडी वाढतात, बोंडं मात्र त्या मानाने येत नाहीत. हे इथं बसलेल्यांना आम्ही सांगायला नको. खर्च वेगळाच. आणि दोष कुणाच्या लक्षातही आला नसता, कारण संगणकाने काढलेला आकडा होता.

आता हे चिन्हांचं प्रकरण नीट समजून घेऊ, कारण नवशिक्यांची निम्मी ठोकर इथंच आहे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर हे प्राध्यापक होते. लिनपॅक आणि आइसपॅक हे फोरट्रान भाषेतले गणिती संच त्या काळी तयार होते, पण विद्यार्थ्यांना ते वापरायचे तर आधी फोरट्रान शिकावी लागे. तो वळसा टाळावा म्हणून त्यांनी मॅटलॅब लिहिलं. नावच मॅट्रिक्स लॅबोरेटरीवरून. १९८४ मध्ये त्याची कंपनी झाली. त्यात मॅट्रिक्स हीच मूळ वस्तू, म्हणून * म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार, आणि घटकवार हवा असेल तर आधी टिंब द्यायचं: .* असं. हीच पद्धत फ्रान्सच्या इनरिया संस्थेत तयार झालेल्या सायलॅबने ठेवली आणि ऑक्टेव्हनेही ठेवली. (ऑक्टेव्हचा सरगमशी संबंध नाही. लेखकाच्या जुन्या प्राध्यापकांचं नाव ऑक्टेव्ह लेव्हेनस्पिल होतं. रसायन अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्यांच्या पुस्तकाला ओळखतात.)

नमपायचं कूळ वेगळं. तिथं मूळ वस्तू मॅट्रिक्स नाही, आकड्यांची रांग किंवा जाळी आहे. ती तापमानांची असेल, फोटोतल्या ठिपक्यांची असेल. अशा जाळीवर माणसाला बहुतेक वेळा घटकवारच काम करायचं असतं, म्हणून * घटकवार. मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठी पूर्वी 'डॉट' नावाचं फंक्शन लिहावं लागे आणि लांब सूत्रांत कंसांत कंस होत. २०१५ मध्ये पायथॉनची ३.५ आवृत्ती आली, तिच्यात खास या कामासाठी @ हे चिन्ह आलं. म्हणजे आमच्या हिशेबात फक्त एक चिन्ह बदलायचं होतं: अ @ ब. आर भाषेत याच कामाला दोन टक्केचिन्हांमध्ये * लिहितात. ज्युलियात मॅटलॅबसारखंच. फोरट्रानमध्ये * घटकवार आणि मॅट्रिक्ससाठी 'मॅटमल'. कोणतं बरोबर हा वाद निरर्थक आहे. पण एका भाषेतून दुसऱ्या भाषेत ओळ जशीच्या तशी उचलून नेणं धोक्याचं आहे.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅबचे पाठ मराठी आवाजातही आहेत, ते जरूर ऐका. सायलॅब आणि ऑक्टेव्ह दोन्ही फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात, एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. मॅटलॅब विकत घ्यावं लागतं. शिकणाऱ्याने फुकटच्या साधनाने सुरुवात केली तर काही बिघडत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य मुद्दा. संगणक गुणाकाराआधी काय तपासतो? 'अ' चे स्तंभ आणि 'ब' च्या ओळी संख्येने सारख्या आहेत का, एवढंच. 'अ' चे स्तंभ खतांचे आहेत आणि 'ब' च्या ओळीही खतांच्याच आहेत, आणि त्याच क्रमाने आहेत, हे त्याला कळत नाही. तो ३ आणि ३ बघतो. आमच्या उदाहरणात दोन्ही तक्ते ३ बाय ३, त्यामुळे घटकवार गुणाकारही चालला. उलटा गुणाकार, ब @ अ, तोही चालला असता! त्याची पहिली ओळ येते ८२.८, ४१.४, २०.७. आकडे छान दिसतात, अर्थ काहीच नाही, कारण तिथं अन्नद्रव्यांची सांगड शेतकऱ्यांशी घातली गेली. साध्या संख्यांत ३ गुणिले ५ आणि ५ गुणिले ३ एकच, मॅट्रिक्समध्ये तसं नाही. आणि कुणी 'ब' मध्ये डीएपीची ओळ वर आणि युरियाची खाली लिहिली तर? तेही मुकाट चालेल. संगणक संख्या जुळवतो, नावं आपणच जुळवायची.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना तक्त्याच्या आकारासोबत नाव लिहायला लावतो. '३ बाय ३' असं नुसतं लिहायचं नाही. 'शेतकरी बाय खत' आणि 'खत बाय अन्नद्रव्य' असं लिहायचं. मधला शब्द दोन्हीकडे तोच असला पाहिजे, तो गळतो, आणि उरतं 'शेतकरी बाय अन्नद्रव्य'. मधला शब्द जुळला नाही तर गुणायचंच नाही. दुसरं असं की चाचणी कधीही चौकोनी तक्त्यावर करू नये. आम्ही चौथा शेतकरी घेतला असता तर 'अ' झाला असता ४ बाय ३, आणि चुकीच्या * वर नमपायने लगेच ओरड केली असती. ऑक्टेव्हची ओरड 'नॉनकन्फॉर्मंट आर्ग्युमेंट्स' अशी असते आणि सोबत दोन्ही आकार छापलेले असतात. मुलं ती वाचून घाबरतात. घाबरायचं नाही, तो आपला राखणदार आहे.

याच जातीचा आणखी एक सापळा आहे. समजा आता खर्च काढायचा आहे. युरियाची बॅग २६६.५० रुपये, डीएपी १३५०, आणि १०:२६:२६ हिशेबापुरती १५०० धरू. अ @ किंमत असं केलं की एकूण खर्च येतो: पहिल्याचा ५२६६, दुसऱ्याचा ७५८३, तिसऱ्याचा ५९४९. पण नमपायमध्ये अ * किंमत लिहिलं तर? तीन किमतींची रांग तक्त्याच्या प्रत्येक ओळीवर आपोआप पसरते आणि खतवार खर्चाचा तक्ता मिळतो. याला ब्रॉडकास्टिंग म्हणतात, आणि हे उपयोगाचंही आहे. गंमत पुढे आहे. त्याच किमती आडव्या न लिहिता उभ्या लिहिल्या तर ३ बाय १ चा स्तंभ उजवीकडे पसरतो, आणि पहिल्या शेतकऱ्याची प्रत्येक बॅग, मग ती कोणतीही असो, २६६.५० ला जाते! त्याचा खर्च १८६५.५०, तर तिसऱ्याच्या नऊच्या नऊ बॅगा १५०० ने, म्हणजे १३५००. तक्रार नाही. ऑक्टेव्हमध्ये .* लिहिलं तरी हेच होतं.

मग तपासायचं कसं? हजार शेतकरी आणि चाळीस खतं असतील तर प्रत्येक घर हाताने कोण बघणार? इथं एक सुंदर युक्ती आहे, आणि तिचं मूळ आपल्या दुकानदारांच्या वहीतही सापडेल: आडवी बेरीज आणि उभी बेरीज जुळवून बघणं. आपण 'ब' च्या प्रत्येक ओळीची बेरीज करू. युरियाच्या बॅगेत एकूण अन्नद्रव्य २०.७ किलो, डीएपीत ३२, तिसऱ्यात ३१. आता तिसऱ्या शेतकऱ्याच्या बॅगा यांनी गुणा: १२४.२ अधिक ३२ अधिक ६२, म्हणजे २१८.२. आणि आपल्या उत्तरातली त्याची ओळ: १४३.२ अधिक ४९ अधिक २६, तेही २१८.२. जुळलं. आमच्या चुकीच्या कागदावरची बेरीज? ३०, १३, २६, म्हणजे ६९. एका क्षणात उघडं पडलं असतं.

लॅटव्हियाचे गणितज्ञ फ्रायवाल्ड्स यांनी १९७७ मध्ये हीच कल्पना पुढे नेली. नुसती बेरीज करायची, म्हणजे १, १, १ ने गुणायचं, त्याऐवजी यदृच्छया निवडलेल्या आकड्यांनी गुणायचं. आधी 'ब' ला त्या आकड्यांनी गुणा, मग आलेल्या स्तंभाला 'अ' ने. दुसरीकडे आपल्या उत्तराला त्याच आकड्यांनी गुणा. दोन्ही जुळले पाहिजेत. बेरजेत दोन चुका एकमेकींना खाऊन टाकू शकतात, यदृच्छया आकड्यांत ती शक्यता फार कमी, आणि दोनचारदा वेगळे आकडे घेऊन केलं तर जवळजवळ नाहीच. पूर्ण गुणाकार पुन्हा करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. फक्त लक्षात ठेवा, जुळवणी करताना 'अगदी तंतोतंत समान आहे का' असं विचारू नका. संगणक दशांश आकडे द्विमान पद्धतीत ठेवतो, तिथं ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ शी तंतोतंत समान येत नाही. फरक अगदी लहान आहे का, हे विचारायचं. नमपायमध्ये त्यासाठी 'ऑलक्लोज' आहे.

आता थोडं वेगाबद्दल, कारण प्रश्न हमखास येतो: हे सगळं आम्ही स्वतः लूप लिहून केलं तर काय बिघडलं? चिन्हांचा गोंधळच नको. तीन शेतकऱ्यांसाठी काही बिघडत नाही, उलट शिकताना एकदा लिहावंच. पण १००० बाय १००० चे दोन तक्ते गुणायचे तर १०० कोटी गुणाकार होतात. पायथॉनमध्ये एकात एक तीन लूप लिहिले तर कित्येक मिनिटं जातात, नमपायचा @ तेच साध्या लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच करतो.

कारण नुसतं 'ती भाषा वेगवान आहे' एवढं नाही. कृषी केंद्राचं गोदाम मागे आहे आणि गल्ला पुढे आहे असं समजा. प्रत्येक गिऱ्हाइकामागे एकेक बॅग आणायला माणूस गोदामात जाऊ लागला तर दिवस चालण्यातच जाईल. शहाणा दुकानदार सकाळीच लागतील तेवढ्या बॅगा पुढे आणून ठेवतो आणि त्यांवर दहा गिऱ्हाइकं करतो. संगणकाची मुख्य मेमरी हे गोदाम, प्रोसेसरजवळची छोटी कॅश मेमरी हा गल्ला. गुणाकारात तोच आकडा पुन्हा पुन्हा लागतो, म्हणून मोठ्या तक्त्याचे लहान ठोकळे करायचे, एक ठोकळा गल्ल्यावर आणायचा, त्याचं सगळं काम उरकूनच परत पाठवायचा. ही कामं करणारे तयार संच आहेत, त्यांच्या ठरीव मांडणीला ब्लास म्हणतात. पहिला टप्पा १९७९ चा, आणि मॅट्रिक्स गुणिले मॅट्रिक्सचा, ज्याला तिसरा स्तर म्हणतात, तो १९९० चा. ऑक्टेव्ह, सायलॅब, नमपाय, आर, सगळे आतून याच दारात जातात. वर चिन्ह कोणतंही लिहा.

तुम्ही म्हणाल, लॅपटॉपचं ठीक आहे. मोठ्या यंत्रांतही हेच आहे. पुण्यातल्या 'एका' या महासंगणकाने २००७ च्या नोव्हेंबरमध्ये जगाच्या यादीत चौथा क्रमांक मिळवला होता, आणि सी-डॅकच्या परम सिद्धी-एआयने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ६३ वा. ती यादी ठरते एका कसोटीवर: प्रचंड मोठी एकसामयिक समीकरणं किती वेगात सुटतात. दहावीत आपण दोन चलांची सोडवतो, तिथं लाखो चलं असतात. आणि त्या कसोटीचा बहुतेक वेळ कशात जातो? मॅट्रिक्सच्या गुणाकारात.

वेगाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कोणताही संच आपोआप करून देईल असं समजू नका. तीन मॅट्रिक्स गुणायचे असतील तर कंस कुठे टाकता याला महत्त्व आहे. दोन तक्ते १००० बाय १००० चे आणि शेवटी १००० आकड्यांचा एक स्तंभ. डावीकडून गेलात तर आधी १०० कोटींचा गुणाकार, मग आणखी १० लाख. उजवीकडून गेलात, म्हणजे स्तंभ आधी गुणला, तर एकूण फक्त २० लाख. उत्तर तेच, कष्ट पाचशेपट कमी. आणि @ ची साखळी लिहिली की पायथॉन डावीकडूनच जातो! कंस आपण टाकायचा.

(इथं श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर खाली दिलं आहे.)

प्रश्न: सर, आमच्याकडे ऑक्टेव्ह वगैरे नाही, गटाचा हिशेब एक्सेलमध्ये असतो. त्यात होतं का?

होतं. एक्सेलमध्ये 'एम-मल्ट' नावाचं फंक्शन आहे, लिब्रेऑफिसमध्येही त्याच नावाने आहे. आधी 'अ' ची घरं द्यायची, मग 'ब' ची. जुन्या एक्सेलमध्ये उत्तर जितक्या घरांत यायचं आहे तितकी घरं आधी निवडून ठेवायची, सूत्र लिहायचं आणि नुसतं एंटर न दाबता कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबायचं. नाहीतर एकाच घरात एक आकडा येतो आणि माणूस म्हणतो चालत नाही. नव्या एक्सेलमध्ये उत्तर आपोआप पसरतं. पण तिथंही दोन तक्त्यांमध्ये * टाकलंत तर घटकवारच होईल, आमच्यासारखं. म्हणून शेजारी एक स्तंभ राखून ठेवा, त्यात आत्ता दाखवलेली आडवी बेरीज घ्या, आणि गटातल्या एकाला त्याच्या स्वतःच्या बॅगा तोंडी मोजायला सांगा. युरियाच्या बॅगेला २०.७, हा आकडा त्याच्याकडून पाठ करून घ्या.